मशिदीच्या उंबऱ्याशी

(शास्त्रभाग : १ राजे ८.४१–४३, २ राजे ५.१–१९, प्रेषितांची कृत्ये १७.१६–३१)

आमच्या करोंदच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. करोंद म्हणजे भोपाळच्या उत्तरेची, बैरसिया रस्त्यावरची वस्ती. येथे धान्याची आणि भाजीची मोठी मंडी आहे, गॅसपीडित विधवांसाठी बांधलेली वसाहत आहे, आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोणाचे वडील रेल्वेत होते म्हणून आले, कोणी भेलच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून. सभेत गीते मराठी, चहाच्या वेळची बोली अर्धी हिंदी, असा आमचा थाट.

एका गुरुवारी चहा चालू असता रविवारच्या शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी प्रश्न काढला. मुलांना एकदा ताजुल मसाजिद दाखवून आणावी, असे त्यांच्या मनात होते. शहरात जन्मलेल्या मुलांनी ती रोज रस्त्यावरून पाहावी आणि आत काय आहे ते ठाऊक नसावे, हे त्यांना बरे वाटत नव्हते. परंतु वर्गातल्या एका मुलाच्या आईने साफ नको म्हटले. तिचे म्हणणे असे, की आज मुले पाहायला जातील, उद्या तेथे गुडघे टेकतील. मुलांचा प्रश्न तर आणखी निराळा. एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले होते, "टीचर, तिथे गेल्यावर आपण प्रार्थना करायची की नाही? आणि केली तर ती कोणाकडे जाईल?"

सभेत लगेच दोन तट पडले. एक वडील म्हणाले, "ज्या घरात प्रभूचे नाव तारणारा म्हणून घेतले जात नाही, तेथे आपले काय काम?" एक तरुण भाऊ म्हणाला, "देव एकच आहे ना? मग त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहून नमाज पढली तरी काय बिघडले? देव अंतःकरण पाहतो." दोघांनीही आमच्याकडे पाहिले. थोडेफार ईश्वरविज्ञान शिकलेल्या माणसाकडे उत्तर तयार असेल, अशी लोकांची समजूत असते. आमच्याकडे उत्तर नव्हते. होती ती एक जुनी लाज. तीच आधी सांगतो, म्हणजे पुढचे म्हणणे कोणत्या माणसाचे आहे हे वाचकांना कळेल.

आम्ही तीन वर्षांचे असताना, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, आमचे बिऱ्हाड छोला भागात होते, युनियन कार्बाइडच्या कारखान्यापासून फार दूर नव्हे. वडील रेल्वेत, त्या रात्री कामावर. विषारी वायू पसरला तेव्हा आई धाकट्या बहिणीला घेऊन धावली आणि आम्हांला शेजारच्या चाचांनी खांद्यावर घेतले. आपला गमछा पाण्यात बुडवून त्यांनी तो आमच्या तोंडाभोवती गुंडाळला. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर काही नव्हते. हे सारे आम्हांला आईने सांगितलेले. आठवत काही नाही. पुढे दोन्ही घरे करोंदला राहायला आली. चाचांची छाती त्या रात्रीपासून जी धरली ती सुटली नाही. भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलच्या त्यांच्या फेऱ्या अखेरपर्यंत चालू होत्या.

२०११ साली आमचे वडील प्रभूमध्ये निजले. दफनविधीची उपासना चर्चमध्ये झाली. चाचा आले. दारात त्यांनी चपला काढल्या. आम्ही चर्चमध्ये पादत्राणे घालून जातो हे त्यांना दिसत होते. तरी त्यांनी काढल्या. शेवटच्या बाकावर बसले. आम्ही उभे राहिलो की ते उभे राहत, आम्ही बसलो की बसत. गीताच्या वेळी त्यांचे ओठ मिटलेले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. "येशूच्या नावाने" हे शब्द आले तेव्हा ते आमेन म्हणाले नाहीत, पण मानही वर केली नाही. नंतर कबरीवर माती टाकायला सर्वांच्या पुढे होते.

२०१७ च्या हिवाळ्यात चाचा वारले. जोहरच्या नमाजानंतर मशिदीबाहेरच्या मोकळ्या जागेत जनाज्याची नमाज व्हायची होती. आम्ही वेळेवर पोहोचलो. चाचांचा मुलगा फाटकाशी आला आणि म्हणाला, "भाई, अंदर आकर बैठ जाइए, पीछे जगह है. नमाज आप मत पढ़िए, बस साथ बैठिए." आणि आम्ही गेलो नाही. रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या पायरीशी पायांत बूट घालून उभे राहिलो. कारण खरे सांगायचे तर शास्त्रातले एकही वचन त्या वेळी आमच्या मनात नव्हते. आपल्या मंडळीपैकी कोणी त्या रस्त्याने गेले, आम्हांला मशिदीत शिरताना पाहिले, तर येत्या रविवारी वेदीवर उभे राहून कोणत्या तोंडाने बोलणार, एवढीच धास्ती होती. जनाजा निघाला तेव्हा खांदा दिला. मुलगा काही बोलला नाही. आजही बोलत नाही. ज्या माणसाने आमच्यासाठी विष छातीत घेतले, त्याच्यासाठी आम्हांला एक उंबरा ओलांडता आला नाही.

तेव्हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी ख्रिस्ती मनुष्याने कसे जावे, या प्रश्नामागे दोन कर्तव्ये उभी आहेत : प्रभूशी निष्ठा आणि शेजाऱ्यावर प्रीती. दोन्ही एकाच मुखातून आलेल्या आज्ञा आहेत. एक पाळण्यासाठी दुसरी मोडावी लागते असे वाटले, तर आपण दोहोंपैकी एक तरी चुकीची समजलो आहोत, असे धरून चालावे.

प्रथम मशीद म्हणजे काय ते पाहू. 'मस्जिद' या अरबी शब्दाचा अर्थ सजदा करण्याची जागा, म्हणजे कपाळ टेकण्याची जागा. आत मूर्ती नाही, चित्र नाही. एका भिंतीत मेहराब नावाचा कोनाडा असतो. तो मक्केतील काबागृहाची दिशा दाखवितो. आपल्या देशातून ती साधारण पश्चिम येते. मेहराब पूजेची वस्तू नव्हे, केवळ दिशेची खूण. शेजारी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचे उपदेशासन. त्यावरून शुक्रवारचा खुतबा होतो. अंगणात वजू करण्यासाठी हौज किंवा नळ. वजू म्हणजे नमाजापूर्वी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुणे, डोक्यावरून ओला हात फिरविणे आणि पाय धुणे. दिवसाच्या पाच नमाजा : फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा.

दिशेकडे तोंड करून प्रार्थना करणे आपल्याला परके वाटते, परंतु दानीएल बाबेलात यरुशलेमेकडची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे. मुसलमानांचा पहिला किब्लाही यरुशलेमच होता. हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, तो मक्केकडे झाला. जोडे काढण्याचे तर विचारूच नका. जळत्या झुडपाजवळ मोशेला आणि यरीहोजवळ यहोशवाला मिळालेली पहिली आज्ञा तीच होती. आपल्या कित्येक खेड्यांतल्या मंडळ्यांत आजही उपासनेच्या दाराशी चपलांची रास दिसते.

आता भोपाळचे पाहू. १८१९ ते १९२६ या काळात येथे चार बेगमांनी राज्य केले. कुदसिया बेगम यांनी चौकातली जामा मशीद बांधली, सिकंदर बेगम यांनी मोती मशीद, आणि १८६८ ते १९०१ पर्यंत गादीवर असलेल्या शाहजहाँ बेगम यांनी ताजुल मसाजिद आरंभिली. बेगमांच्या मृत्यूनंतर पैशाअभावी ते काम अपुरे राहिले. १९७१ साली ते पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये, म्हणजे वायुकांडाच्या पुढच्याच वर्षी, पुरे झाले. याच शाहजहाँ बेगमांच्या देणगीतून इंग्लंडातील वोकिंग येथे १८८९ साली मशीद उभी राहिली. ज्या देशातून आपल्याकडे मिशनरी आले, त्या देशातल्या मशिदीला भोपाळचा पैसा लागला आहे. उलटपक्षी याच दरबारात बोरबाँ नावाचे मूळचे फ्रेंच ख्रिस्ती घराणे मोठ्या हुद्द्यांवर होते. त्यातील बाल्थझर बोरबाँ यांना लोक शहजाद मसीह म्हणत. बेगमांच्या राज्यात ख्रिस्ती मनुष्य मंत्री झाला आणि ख्रिस्तीच राहिला. तेव्हा एकमेकांच्या उंबऱ्याशी जाणे येथे नवीन नाही.

ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी मशिदीत चुकीच्या रीतीने पाऊल टाकल्याचाही इतिहास आहे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने दिल्लीची जामा मशीद ताब्यात घेतली, तेथे फौज उतरविली आणि १८६२ साली ती मुसलमानांस परत दिली. पाच वर्षे त्या ठिकाणी नमाज झाली नाही. हे करणाऱ्या सरकारला लोक ख्रिस्ती सरकार म्हणूनच ओळखत. ती गोष्ट आपण विसरलो तरी ज्यांच्या जागेत ते घडले ते विसरत नाहीत. म्हणून आपण दाराशी जोडे काढतो तेव्हा तो केवळ रिवाज राहत नाही. त्यात थोडासा पश्चात्तापही असतो.

आता शास्त्राकडे वळू. नामानाची गोष्ट रविवारच्या शाळेतले प्रत्येक मूल जाणते, पण तिचा शेवट आपण बहुधा शिकवीत नाही. कोड गेल्यावर नामान म्हणाला की यापुढे आपण इस्राएलाच्या देवालाच भजू. मग त्याने एक अडचण सांगितली. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जाई, त्याच्या हातावर भार टाकी, आणि राजा वाकला म्हणजे नामानालाही वाकावे लागे. याची क्षमा व्हावी, अशी त्याची विनंती. अलीशा त्याला दम देऊ शकला असता. त्याने त्याला शांतीने जाऊ दिले. ते तर मूर्तीचे देऊळ होते. मशिदीत मूर्ती नाही. परंतु एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावी. नामान स्वतःच्या हौसेने वाकत नव्हता. तो एका माणसाची सेवा करीत होता, आणि आपली निष्ठा कोठे आहे हे त्याने आधीच उघड सांगून टाकले होते.

दुसरा दाखला पौलाचा. अथेन्सात तो नुसता चिडून बसला नाही. हिंडला, त्यांची पूजास्थाने त्याने नीट पाहिली, आणि जे पाहिले त्यावरूनच अरीयपगात बोलला. ज्याने पाहिलेच नाही त्याला बोलण्याचा अधिकार थोडा. तिसरा दाखलाही पौलाचाच, पण दुःखाचा. यरुशलेमेच्या मंदिरात त्याने त्रफिम नावाच्या इफिसकर विदेश्याला आत नेले, अशी ओरड झाली आणि दंगल उसळली. खरे पाहता लोकांनी दोघांना शहरात बरोबर पाहिले होते, एवढेच, बाकीचा तर्क. त्या मंदिरात विदेश्यांसाठी एक आडवी भिंत होती. ती ओलांडणाऱ्यास मरणाची ताकीद देणारा ग्रीक शिलालेख १८७१ साली यरुशलेमेत सापडला असून तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसकरांच्या पत्रात पौल मधली भिंत पाडली गेल्याविषयी लिहितो तेव्हा त्याच्या वाचकांपुढे अशी खरी दगडाची भिंत उभी राहत असेल. आणि आम्ही दुकानाच्या पायरीशी उभे होतो ते कशाच्या भीतीने? कोणीतरी आम्हांला बरोबर पाहील आणि तर्क करील, याच्याच.

परंतु सर्वांत मोठा दाखला शलमोनाचा. मंदिराच्या प्रतिष्ठेच्या दिवशी तो आपल्या लोकांसाठी प्रार्थना करतो आणि मध्येच परक्याची आठवण ठेवतो. दूर देशातून कोणी विदेशी या घराकडे तोंड करून प्रार्थना करील, तर देवा, तू त्याचेही ऐक, असे मागणे मागतो. त्या परक्याने आधी इस्राएली व्हावे अशी अट घालत नाही. आपले उपासनास्थान परक्याच्या प्रार्थनेला मोकळे असावे असे ज्याला वाटते, त्याने परक्याच्या उपासनास्थानात आपली प्रार्थना गुदमरते असे का मानावे? शोमरोनी बाईशी बोलताना प्रभूने उपासनेचा प्रश्न डोंगरावरून आणि यरुशलेमेवरून उचलून आत्मा आणि सत्य यांवर ठेवला. त्या दहा वर्षांच्या मुलीला आमचे उत्तर हे : बाळ, तू येशूच्या नावाने जेथे प्रार्थना करशील तेथून ती पित्याकडेच जाते. भिंत कोणाची आहे हे प्रार्थना विचारीत नाही.

मग त्या तरुण भावाचे म्हणणे खरे का? रांगेत उभे राहून नमाज पढली तर काय बिघडले? येथे आम्ही थांबतो. पाहुणा म्हणून आत जाणे, आत बसून मनात प्रभूची प्रार्थना करणे, आणि नमाजाच्या रांगेत उभे राहून नमाज अदा करणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन आम्हांला मोकळ्या वाटतात. तिसरी नाही. आणि याचे कारण तिरस्कार नव्हे.

नमाज ही नुसती कवायत नाही. तिला नियत लागते, म्हणजे आपण काय करतो आहोत याचा मनाशी केलेला निश्चय. तिच्या अखेरच्या बैठकीत नमाजी ईश्वराच्या एकत्वाची आणि महंमद पैगंबरांच्या प्रेषितपणाची साक्ष देतो. ज्याच्या मनात ती साक्ष नाही, त्याने देहाने ती द्यावी, याने दोन जणांशी खोटेपणा होतो : एक आपल्या प्रभूशी, आणि दुसरा शेजारी उभ्या असलेल्या त्या भावाशी, जो मनापासून ती देतो आहे. आपल्या पवित्र सहभागितेच्या मेजाशी कोणी विश्वास नसताना केवळ सौजन्य म्हणून भाकर घेऊ लागला, तर आपल्याला काय वाटेल? देव अंतःकरण पाहतो हे खरे. म्हणूनच अंतःकरणात नसलेले शरीराने दाखवू नये.

या ठिकाणी एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. सातव्या शतकात यरुशलेम मुसलमानांच्या हाती आले तेव्हा खलीफा उमर पवित्र कबरेच्या ख्रिस्तमंदिरात होते आणि नमाजाची वेळ झाली. तेथील ख्रिस्ती धर्माध्यक्षांनी आतच नमाज करावी असे सुचविले. उमर यांनी ते नाकारले आणि बाहेर पायरीवर नमाज केली. आपण आत केली तर पुढे आपले लोक ही जागा आपली म्हणून मागतील, असे त्यांनी कारण दिले. ही हकिकत लिहून ठेवणारा युटिकियस हा दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्माध्यक्ष होता. दुसरी परंपरा मुसलमानांकडची. नजरानचे ख्रिस्ती लोक मदिनेस भेटीला आले आणि त्यांनी पैगंबरांच्या मशिदीत आपल्या रीतीने प्रार्थना केली, असे इब्न इसहाकच्या पैगंबरचरित्रात आहे. एकीत न करण्याने मान राखला गेला, दुसरीत करू देण्याने. परंतु दोन्हींत कोणी कोणाची प्रार्थना उसनी घेतली नाही.

आपल्या काळातील उदाहरणे रोमच्या पोपांची आहेत. आपण त्यांच्या अधिकाराखाली नाही, तरी डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. २००१ च्या मे महिन्यात दुसरे जॉन पॉल दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. मशिदीत जाणारे ते पहिले पोप. २००६ मध्ये सोळावे बेनेडिक्ट आणि २०१४ मध्ये फ्रान्सिस इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीत मुफ्तींच्या शेजारी स्तब्ध उभे राहिले. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ त्याच मशिदीत गेले, जोडे काढून आदराने फिरले. बाहेरून दिसेल अशी प्रार्थना मात्र त्यांनी केली नाही. वृत्तपत्रांनी यावर पुष्कळ लिहिले. आम्हांला वाटते, चौघांनीही एकच केले : जोडे काढले आणि खोटे बोलले नाहीत. स्तब्ध उभे राहावे की नुसते पाहून यावे, हे ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीवर आहे. मांसाच्या प्रश्नावर करिंथकरांस लिहिताना पौलाने अशीच मोकळीक दिली आणि तिला दुर्बळ भावाच्या काळजीची वेसण घातली. म्हणून ज्या आईने नको म्हटले, तिच्या मुलाला तिच्या इच्छेविरुद्ध नेऊ नये. तिच्या घरी जाऊन बोलावे. तिची भीती मूर्खपणाची नाही. ती आपल्या लेकराचा विश्वास जपते आहे.

आता शिक्षकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. यांतील पुष्कळशा आम्ही विचारून, काही चुकून शिकलो.

१. आधी विचारावे. लहान मशिदीत इमामसाहेबांना किंवा कमिटीच्या एखाद्या गृहस्थाला भेटून दिवस व वेळ ठरवावी. नमाजाच्या वेळा टाळाव्या, आणि शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या वेळी मुलांचा घोळका नेऊ नये. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत पुणे, मुंब्रा अशा ठिकाणी 'मस्जिद परिचय' या नावाने इतर धर्मीयांना मुद्दाम बोलावून मशीद दाखविण्याचे कार्यक्रम झाले आहेत. असे बोलावणे आले तर ते नाकारू नये.

२. मुली व स्त्रिया यांच्याविषयी आधी स्पष्ट बोलून घ्यावे. ताजुल मसाजिदीत स्त्रियांसाठी स्वतंत्र सज्जा बांधलेला आहे. गल्लीतल्या मशिदीत अशी सोय बहुधा नसते. २०१९ साली पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने याविषयी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात सांगितले की स्त्रियांना मशिदीत नमाजासाठी जाण्यास धर्माची मनाई नाही. हा त्यांच्या घरातला विचार चालू आहे. आपण पाहुण्यांनी त्यात न्यायाधीश होऊ नये.

३. कपडे स्वच्छ, अंग झाकणारे आणि सैल असावे. मुलींनी व बायांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर घ्यावा. पुरुषांनी टोपी किंवा रुमाल बांधला तर आपल्याकडे बरे दिसते. रविवारी चर्चमध्ये डोक्यावर पदर घेणाऱ्या आपल्या आजीबाईंना यात नवीन काही नाही.

४. जोडे दारातच काढावे आणि तळव्याला तळवा लावून, मांडणी असेल तेथे ठेवावे. उजवे पाऊल आधी आत, निघताना डावे आधी बाहेर, असा त्यांचा रिवाज आहे. मोजे स्वच्छ असावे.

५. पाहुण्याला वजू करावी लागत नाही. हौजात पाय घालू नये, मुलांनी पाणी उडवू नये, माशांना डिवचू नये.

६. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये. मागून वळसा घालावा. मेहराबीकडे किंवा कुराणाकडे पाय पसरून बसू नये. कुराणाची प्रत न विचारता हाताळू नये. आपले पवित्र शास्त्र जमिनीवर पडले तर आपण उचलून कपाळाला लावतो. ती भावना येथेही ओळखावी.

७. हळू बोलावे, मोबाइल बंद ठेवावा. फोटो विचारून काढावा. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा तर काढूच नये.

८. कोणी "अस्सलामु अलैकुम" म्हटले तर "वालैकुम अस्सलाम" म्हणण्यास कचरू नये. शांती असो, एवढाच त्याचा अर्थ. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांना प्रथम शांतीचेच अभिवादन केले, आणि आपल्या जुन्या मंडळ्यांतून 'सलाम' हा शब्द कितीतरी पिढ्या चालत आला आहे.

९. कोणी नमाजात सामील होण्याचा आग्रह केला तर नम्रपणे म्हणावे, "आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या रीतीने मनात प्रार्थना करू, मागे बसतो." यात कोणाला राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे. राग येतो तो लपवाछपवीचा.

१०. आत हस्तपत्रिका ठेवून येऊ नये, वाद काढू नये. कोणी आपल्या आशेविषयी विचारलेच तर पेत्र सांगतो तसे सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे. आपल्या उपासनेत येऊन कोणी बाकांवर पत्रके पसरून गेला तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांना वाटते. डोंगरावरील प्रवचनातला सोन्याचा नियम मशिदीच्या दाराशीही लागू आहे.

११. परत आल्यावर मुलांना प्रश्न विचारावे : काय आवडले? काय आपल्यासारखे वाटले? काय निराळे? आणि निराळे आहे ते निराळे म्हणूनच सांगावे. प्रभू येशू देवाचा पुत्र आहे, वधस्तंभावर मरण पावला आणि उठला, हे ते मानत नाहीत आणि आपण त्यावाचून जगू शकत नाही. हा फरक झाकून ठेवणारी मैत्री फार दिवस टिकत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या बाबींची मोजदाद कशाला. मनात प्रीती असली म्हणजे झाले. आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. चाचांवर आमची प्रीती नव्हती असे नाही. परंतु पाऊल कोठे ठेवावे, कोठे बसावे, काय म्हणावे आणि काय म्हणू नये, हे ठाऊक नव्हते; आणि न जाणणाऱ्याच्या प्रीतीवर भीती चटकन स्वार होते. रीत ठाऊक असली की प्रीतीला चालायला वाट मिळते. चाचांना ती ठाऊक होती. आमच्या चर्चमध्ये ते उभे राहिले, बसले, मान लववली, ओठ मिटून ठेवले. त्यांनी आपला विश्वास कणभर सोडला नाही आणि आमच्या दुःखातही कणभर कमी पडले नाहीत. मशिदीत ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, याचा धडा आम्हांला एका मुसलमानाने आमच्याच चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून घालून दिला होता. सहा वर्षांनी परीक्षा झाली आणि आम्ही नापास झालो.

दरवर्षी हिवाळ्यात करोंदच्या पुढे ईंटखेडी येथे तब्लीगी इज्तिमा भरतो. लाखो लोक येतात, आणि आमच्या चौकातून रात्रंदिवस बसगाड्या जातात. मागच्या खेपेस चौकात रस्ता विचारणाऱ्या एका म्हाताऱ्या पाहुण्याला आम्ही पाणी दिले आणि योग्य वाहनात बसविले. घरी आल्यावर चाचांच्या मुलाकडे गेलो आणि सात-आठ वर्षांत प्रथमच ती गोष्ट काढली. म्हणालो, त्या दिवशी आत यायला हवे होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बा पूछते तो मैं क्या कहता, यही सोचता था." आम्हांला यावर काही बोलता आले नाही. क्षमा केली असे तो म्हणाला नाही, आणि आम्हीही तसे वदवून घेतले नाही. नंतरच्या आठवड्यात त्याने स्वतःच बोलावले. असरची नमाज चालू असताना आम्ही मागच्या भिंतीशी जोडे काढून बसलो आणि चाचांसाठी, त्यांच्या घरासाठी, आणि आपल्या भित्रेपणासाठी प्रभूजवळ येशूच्या नावाने मनात मागणे मागितले. रांगेत गेलो नाही. कोणी विचारले नाही.

शिक्षिकाबाईंना आम्ही हेच सांगितले. त्या मुलांना घेऊन जाणार आहेत. ज्या आईने नको म्हटले होते, ती स्वतः बरोबर येऊन पाहीन म्हणाली आहे.

ज्या प्रभूने मधली भिंत पाडली, तो आपल्याला दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जोडे काढण्याची नम्रता आणि आपले नाव उघड सांगण्याचे धैर्य, ही दोन्ही देवो. आमेन.